पेशंटला चहा

ताटात धोंडे पडले आणि मी रुसलो.

रुसायची मला सवय नव्हती. माझं लग्न झालं तेव्हा मी पुरोगामी होतो. मानपान, आहेर, पंगतीतलं जावयाचं रुसणं हे सगळं मी बाणेदारपणे नाकारलं होतं. पुढे पुरोगामीपणा हळूहळू ओसरला, पण ते हक्काचं रुसणं वापराविना तसंच पडून राहिलं. ते मी एका अधिक महिन्यात, तासगावला सासरच्या स्वयंपाकघरात बाहेर काढलं. हात मांडीवर ठेवले आणि ताटाकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो.

"काय झालं? तूप कमी पडलं का?" सासूबाईंनी विचारलं. काय झालं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्या, माझी बायको नीला आणि मी, तिघांनी मिळूनच हा प्रवेश बसवला होता. पण त्यांनी इतक्या काळजीने विचारलं की मलाच क्षणभर वाटलं, तूप कमी आहे.

"मला नको," मी म्हणालो.

समोरच्या पाटावर नाना, माझे सासरे, जेवायचे थांबले. नाना एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर स्थानकाच्या खिडकीत बसून त्यांनी भोंग्यावरून गाड्या पुकारल्या होत्या. त्यामुळे मीठ मागितलं तरी ते सगळ्या प्रवाशांना उद्देशून मागितल्यासारखं वाटायचं.

"जावईबापू, काय पाहिजे बोला. अंगठी घालू?"

"मला मिरजेला आतड्याचा स्कॅन करायला सांगितलाय," मी म्हणालो. "रक्त पडतंय. मला भीती वाटते."

"मग मी येतो की सोबत. त्यात रुसायचं काय?"

"नुसती सोबत नको. माझ्याबरोबर तुम्हीही तो स्कॅन करून घ्यायचा. तुम्ही करणार असाल तर मी करतो. नाहीतर मी जात नाही, आणि हे धोंडेही खात नाही."

नानांनी हातातला घास ताटात ठेवला. नीलाकडे बघून म्हणाले, "कधीपासून होतंय ह्यांना?"

"दिवाळीपासून," नीला म्हणाली आणि रडायला लागली. रडणं आमच्या ठरलेल्यात नव्हतं. ती बोलत माझ्याबद्दल होती, पण बघत नानांकडे होती.

कारण रक्त नानांचं पडत होतं. सासूबाईंना ते धोतर धुताना कळलं. नाना म्हणाले मूळव्याध आहे, आणि विषय मिटवला. तपासायचं नाव काढलं की ते पायात चपला घालून बाहेर पडत. त्यांचे थोरले भाऊ भीमराव असेच चालते-फिरते मिरजेला गेले होते. दुर्बिणीने तपासणी झाली, आणि वर्षाच्या आत ते गेले. यातून नानांनी एक सिद्धांत काढला होता. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, तरी मला तो खोडता आलेला नाही. ते म्हणत, "आत अंधार असतो तोवर ते झोपलेलं असतं. उजेड दाखवला की जागं होतं."

मात्र दुसऱ्या कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की नाना सगळ्यांत पुढे. गल्लीतल्या कितीतरी माणसांच्या उशाशी ते बसून आले होते. स्वतःसाठी जे करणार नाहीत ते दुसऱ्यासाठी करतील, एवढ्या एकाच भरवशावर आमचा बेत उभा होता. जावई आजारी, त्यातून भित्रा, त्यातून रुसलेला.

नानांनी तुपाची वाटी माझ्या ताटाकडे सरकवली. मग म्हणाले, "जेवा. गार होतंय."

होकार देण्याची ही त्यांची पद्धत होती. मी धोंडे खाल्ले.

*

त्याआधी नीला आणि मी मिरजेला जाऊन डॉ. हुल्याळकर बाईंना भेटून आलो होतो. त्यांचं स्कॅनचं केंद्र एका गल्लीत होतं. त्या गल्लीत दवाखाने, औषधांची दुकानं आणि फळवाले एवढंच होतं. निरोगी माणूस तिथे पत्ता चुकूनच येत असावा.

नाना दुर्बीण लावून घेणार नाहीत, असं सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "मग हवा भरून सीटी स्कॅन करू. आधी पोट साफ करायचं औषध, मग बारीक नळीने आतड्यात हवा. यंत्र बाहेरून चित्रं घेतं, संगणक ती जोडून आतलं दाखवतो. काही दिसलं तर मात्र पुढे दुर्बीण लागेलच. तुकडा काढायला हात आतच घालावा लागतो."

"ह्यात उजेड नसतो ना?" मी विचारलं.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. नीलाने सिद्धांत समजावून सांगितला. बाई हसल्या नाहीत. हे त्यांनी याआधीही ऐकलं असावं.

त्यांनी पडद्यावर कुणाचं तरी आतडं दाखवलं. गुलाबी बोगद्यातून गाडी चालल्यासारखं दृश्य होतं. भिंतीला घड्या होत्या, वळणं होती, आणि ते कुठेच संपत नव्हतं. "पेशंटला एकदा उताणं झोपवायचं, एकदा पालथं," बाई म्हणाल्या. "आत मळाचा खडा राहिला असेल तर कूस बदलली की तो घरंगळतो. जे हलत नाही, ते भिंतीचं असतं."

मग मी मुख्य मुद्द्यावर आलो. काही निघालंच तर नानांना सांगायचं नाही. त्यांना कळलं तर ते खचतील. सांगायचं ते मला.

"काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "मला स्वतःला हे पटत नाही, पण इथले नातेवाईक ऐकत नाहीत. त्यामुळे आमची पद्धतच पडून गेलीय. पेशंटला बाहेर चहा द्यायचा आणि नातेवाइकाला केबिनमध्ये बोलवायचं. पेशंट विचारतोच, काय निघालं म्हणून. त्याला काय सांगायचं तेवढं आधी ठरवून ठेवा. एकाने एक, दुसऱ्याने दुसरं असं नको."

मी वाक्य तिथेच तयार केलं. "काही नाही, थोडी सूज आहे. गोळ्यांनी जाईल." बाईंनी ते ऐकून घेतलं. नीलाने दोनदा मनात म्हटलं. मला तिच्या ओठांवरून कळलं.

निघताना बाई मला म्हणाल्या, "तुम्ही सोंग आणणार म्हणजे औषध घ्यावं लागेल, उपाशी राहावं लागेल. मग एवढी तयारी झाल्यावर तुमचाही स्कॅन करूनच टाकू. तुमचं वयही आता तपासून घ्यायचंच आहे. तुम्हाला काही त्रास?"

"काही नाही," मी म्हणालो. "जरा दमायला होतं. पोरांना तर्कशास्त्र शिकवून कुणीही दमेल."

"वजन?"

"कमी झालंय," नीला कौतुकाने म्हणाली. माझ्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं होतं, आणि त्याचं सगळं श्रेय तिने नाचणीच्या भाकरीला दिलं होतं.

*

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी तासगावला नाना आणि मी परसात खुर्च्या टाकून बसलो. मध्ये स्टुलावर औषधाचा मोठा जग. मिठाच्या पाण्यात कुणीतरी लिंबाची नुसती आठवण काढावी, तशी त्याची चव होती. घरात संडास एकच, तोही परसाच्या टोकाला. नानांनी लगेच वाहतूक हातात घेतली.

"फलाट रिकामा आहे, जावईबापू. तुम्ही लागा."

मी जाऊन आलो की ते जात. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या आणि पदर तोंडाला लावत होत्या. त्या हसत होत्या की दुसरं काही, ते मला लांबून कळलं नाही.

मधल्या एका विश्रांतीत मी नानांना नोकरीबद्दल विचारलं. काहीतरी बोलत राहायला हवं होतं. नीला नेहमी सांगायची की नानांचा भोंग्यावरचा आवाज गोड झाला की समजायचं, गाडी काही यायची नाही. मी म्हटलं, हे खरं का?

"खरं," नाना म्हणाले. "गाडी रद्द झाली म्हणून सांगितलं की माणसं धावपळ करतात. म्हाताऱ्या पडतात, पोरं चुकतात. येतेय म्हटलं की बसून राहतात. तोवर मी दुसरी गाडी बघायचो."

"आणि दुसरी मिळाली नाही तर?"

"तर आवाज आणखी गोड करायचा."

जगमधलं पाणी अर्ध्यावर आलं होतं. नानांनी पेला भरला, प्यायले नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं रक्त ताजं असतं का काळपट?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. "ताजं," मी म्हणालो.

"लालभडक?"

"हो."

नानांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "मग मूळव्याध असेल. भीमरावाचं काळपट होतं. तुम्ही उगं घाबरू नका." त्यांनी पेला एका दमात संपवला. मग हळूच म्हणाले, "माझंही ताजंच असतं."

घरात कुणापुढेही त्यांनी हे आजवर कबूल केलं नव्हतं. मी मान हलवली. मला एकदम फार अशक्तपणा वाटला, आणि मी त्याचा दोष औषधाला दिला.

*

मिरजेला आम्ही दोघंच गेलो. बायका बरोबर आल्या असत्या तर नानांना संशय आला असता. एसटीने गेलो, कारण नाना दुसऱ्या कशाने जात नसत. पोटं रिकामी होती, बोलायला काही उरलं नव्हतं. सगळ्या रस्त्याने मी ते वाक्य मनात घोळवत होतो. काही नाही, थोडी सूज आहे. "काही नाही" सहज म्हणायचं की जरा हसून, हे ठरत नव्हतं. हसून म्हटलं तर खोटं वाटत होतं. सहज म्हटलं तर आणखी खोटं. नाना खिडकीतून दर थांब्यावरची गर्दी बघत होते.

केंद्राच्या दारात चपला काढून आम्ही आत गेलो. आधी मला आत नेलं. नाना यंत्राच्या खोलीच्या दारापर्यंत आले आणि तिथल्या मुजावर नावाच्या तंत्रज्ञाला म्हणाले, "जरा सांभाळून. घाबरट आहेत."

मुजावर बोलका माणूस होता. नळी सरकवताना त्याने मला मिरजेतल्या पाण्याची अडचण सांगितली, हवा भरताना कॉलेजातल्या प्रवेशांबद्दल विचारलं. पोट नगाऱ्यासारखं तट्ट झालं. मला उताणं झोपवून तो काचेपलीकडे गेला. फळी यंत्राच्या कड्यात सरकली. भिंतीतून आवाज आला, श्वास घ्या, धरा, सोडा. मग मुजावर परत आला, पुन्हा पाण्याबद्दल बोलला, मला पालथं केलं आणि गेला. श्वास घ्या. धरा.

सोडा म्हणायला या वेळी उशीर झाला.

काचेपलीकडे आता हुल्याळकर बाईही उभ्या होत्या. दोघं पडद्याकडे बघत होते. मुजावर परत आला तेव्हा पाण्याबद्दल काही बोलला नाही. "साहेब, एकदा कुशीवर," एवढंच म्हणाला. "डाव्या."

"दोनदाच असतं ना?"

"एकदा घेऊ अजून."

तो मला हळूच वळवत होता. मघाशी त्याने मला गोणी उलटावी तसं उलटलं होतं. मला वाटलं, बाईंनी याला सगळं समजावून सांगितलेलं दिसतंय. नाना दाराबाहेर कान देऊन असणार हे ओळखून माणूस माझं आजारपण मन लावून वठवतोय. मनातल्या मनात मी त्याला दाद दिली. उतरताना त्याने माझ्या कोपराला हात दिला, तेव्हा तर मी हळूच डोळा मारला. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

नानांचं काम पटकन झालं. बाहेर येऊन ते माझ्या शेजारी बाकावर बसले. बरेच खुशीत होते.

"काही नाही हो. उगं बाऊ केला मी. उताणं, पालथं, संपलं. उजेड नाही की काही नाही." मग माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "मला दोनदाच झोपवलं. तुम्हाला तीनदा. जावयाचा मान."

मी हसलो. समोरच्या भिंतीवर मोठ्या आतड्याचं रंगीत चित्र होतं, प्रश्नचिन्हासारखं वळण घेतलेलं. बाकावरच्या बाकीच्या माणसांनी त्याच्याकडे पाठ फिरवून बसायचा प्रयत्न केलेला दिसत होता. केबिनचं दार बंद होतं. मी वाक्य शेवटचं घोळवून घेतलं. हसायचं नाही, असं ठरलं.

तेवढ्यात तिथल्या मावशी ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये एकच कप होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला.

"मावशी, चहा ह्यांना," मी नानांकडे बोट केलं.

"तुम्हालाच सांगितलाय," मावशी म्हणाल्या. मग नानांना म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला आत बोलावलंय."

नाना उठले, टोपी सारखी केली आणि आत गेले. दार बंद झालं.

एवढी साधी गोष्ट ठरली होती आणि तीही यांना जमली नव्हती. चुकीच्या माणसाला आत घेतलं होतं. आता बाई त्यांना तोंडावर सांगणार, आणि भीमरावांचा भाऊ त्या खुर्चीत एकटा बसून ऐकणार. नीलाला मी काय सांगू? मी कप बाकावर ठेवला, तीन ढांगांत दाराशी गेलो आणि न विचारता ते ढकललं.

नाना खुर्चीत पाठमोरे बसले होते. पडद्यावर तो गुलाबी बोगदा होता आणि एका वळणावर तो थांबलेला होता. बाई झटकन उठून माझ्या आणि पडद्याच्या मध्ये आल्या.

"बाई, घोटाळा होतोय," मी हलक्या आवाजात म्हणालो. "नातेवाईक मी आहे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. या वेळी चष्म्यावरून नाही, चष्म्यातून.

"तुम्ही बाहेर बसा," त्या म्हणाल्या. "चहा घेतलात का?"

मी दार ओढून घेतलं आणि बाकावर येऊन बसलो. पद्धत मला माहीत होती. त्यांनीच ती मला समजावून सांगितली होती. कप तिथेच होता आणि त्यातून वाफ येत होती. मी उताणा झालो होतो, पालथा झालो होतो, कुशीवर झालो होतो. माझ्या आत काहीतरी होतं, जे तीनही वेळा हललं नव्हतं. पट्ट्याचं नवं भोक मी अंगठ्याने चाचपून बघितलं. तेही आता सैल झालं होतं.

नाना बाहेर यायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. चहावर साय धरली होती. ते आले, माझ्या शेजारी बसले. टोपी हातात होती.

"काही नाही," नाना म्हणाले. "थोडी सूज आहे. गोळ्यांनी जाईल."

वाक्य माझं होतं. शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. आवाज तेवढा त्यांचा होता, आणि तो फार गोड झाला होता. मी दिवसभर घोळवूनही मला हे इतकं चांगलं म्हणता आलं नसतं.

"कुणाला आहे सूज?" मी विचारलं.

नाना टोपीची घडी करायला लागले. "दोघांनाही," ते म्हणाले. "थोडी थोडी."

समोरच्या बाकावरची एक बाई आमच्याकडे बघत होती. मी बघितल्यावर तिने नजर वळवली. मुजावर दारातून डोकावला आणि आत गेला. त्या क्षणी मला काय हवं होतं ते मला नीट आठवतं. नानांनी तेच वाक्य पुन्हा म्हणावं आणि मी ते खरं मानावं, आम्ही उठून एसटीने घरी जावं, सासूबाईंनी मऊ भात वाढावा. नानांनी म्हटलंही असतं. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं.

"नाना," मी म्हणालो, "गाडी येणार आहे का?"

त्यांचे हात थांबले. टोपीची घडी उलगडली आणि ती तशीच मांडीवर राहिली.

"रद्द नाही," ते शेवटी म्हणाले. आवाजातला गोडवा गेला होता. आता तो नुसता म्हाताऱ्या माणसाचा, थोडा घोगरा आवाज होता. "अजून तरी नाही. उद्याच दुर्बीण लावायला सांगितलंय. मग कापायचं. त्या बाई म्हणतात वेळेत हललात तर मिळेल."

"आणि तुमचं?"

"माझं काही नाही. स्वच्छ आहे म्हणाल्या." हे त्यांनी चोरी पकडली गेल्यासारखं सांगितलं.

मी चहाचा कप उचलला, परत ठेवला. "मग आता बसून राहायचं?"

नाना उठले. दारापाशी गेले, चपलांच्या ढिगातून माझ्या चपला शोधून काढल्या आणि हातात धरून माझ्यापर्यंत आणल्या. वाकून त्या माझ्या पायांसमोर सरळ ठेवल्या. मी त्यांना अडवायला हवं होतं. पण मला वाकता येत नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "आता धावपळ करायची. उठा."